बावीस मिनिटांतली तीन मिनिटं

ग्लेनिस हॉबडे लंडनमधल्या एका रेकॉर्ड कंपनीच्या तळघरात बसून गाणी कापायची. कापायची म्हणजे अगदी ब्लेडने. त्या काळी गाणं टेपवर असे आणि टेप सेकंदाला पंधरा इंच पळे. गाणाऱ्याचा श्वास मोठ्याने ऐकू आला, कुणी खोकलं, एखादं कडवं रटाळ झालं, की ती टेपच्या दोन्ही चकत्या हातांनी मागेपुढे फिरवत नेमकी जागा हुडकायची, पिवळ्या मेणपेन्सिलीने खूण करायची, टेप खोबणीत बसवून दाढीच्या ब्लेडने तिरकी कापायची आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. जोड कानाला कळला तर काम फुकट. तिचे जोड कुणाला कळत नसत, त्यामुळे तीही कुणाला फारशी माहीत नव्हती. कोपऱ्यावरचा औषधवाला मात्र तिला चांगला ओळखायचा. दर पंधरवड्याला ब्लेडचं खोकं पुढे सरकवत म्हणायचा, "मिसेस हॉबडे, नवऱ्याची दाढी आहे की काटेरी कुंपण?"

नवरा, डेरेक, बस चालवायचा. पहाटेची पाळी असली की चारला उठायचा, आणि संध्याकाळी ग्लेनिस कॅटफर्डच्या घरी पोचायची तेव्हा खुर्चीत मान टाकून बसलेला असायचा. दोघंही चाळिशीच्या अलीकडे होती, पण थकण्याच्या बाबतीत म्हाताऱ्यांच्या पुढे गेली होती.

१९७४च्या मार्चमध्ये एका सोमवारी विक्रीखात्याचे मिस्टर स्टोबार्ट धापा टाकत तळघरात उतरले. आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळायची ते दिवस नुकतेच सरले होते आणि तुंबलेल्या कामाचे डबे ग्लेनिसच्या टेबलावर छातीइतके रचलेले होते. साहेबांनी त्यावर आणखी एक ठेवला.

"रेकॉर्डची एक बाजू आहे. बावीस मिनिटांची."

"गाणी किती?"

"एक."

"एकच?"

"एकच! तेच तर रडगाणं आहे. मला यातून रेडिओसाठी तीन मिनिटं काढून दे. फार तर तीन मिनिटं दहा सेकंद. गुरुवारपर्यंत."

"कुठली तीन?"

"ते कळलं असतं तर एवढे जिने उतरून आलो असतो का? सुरुवातीची काढून बघितली. नुसती धडधड आहे. घरी लावलं तर बायको धावत स्वयंपाकघरात गेली, म्हणाली, कपडे धुवायचं यंत्र बिघडलं."

बँडचं नाव 'टॅलो फेअर'. चेशर परगण्यातल्या नॉर्थविच गावची चार पोरं. ज्याला वर्तमानपत्रवाले प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणत, त्या पंथातली. त्या वर्षी असे बँड पैशाला पासरी झाले होते. एकेक रचना रेकॉर्डची अख्खी बाजू खायची, ताल मध्येच पाचाचे सात आणि साताचे अकरा व्हायचे, आणि ऐकायला यायची ती बहुतेक मुलंच, लांब कोट घालून परीक्षेला बसल्यासारखी गंभीर. ग्लेनिसने अशा कितीतरी टेपा कापल्या होत्या आणि घरी जाताना त्यातला एक सूरही तिच्याबरोबर बसमध्ये चढला नव्हता.

तिचा एक रिवाज होता. कापायच्या आधी टेप एकदा सबंध ऐकायची, हात मांडीवर ठेवून. तिने डबा उघडला. वर शाईने लिहिलं होतं, 'खचतं गाव'. नॉर्थविच मिठाच्या थरावर वसलेलं. शंभर वर्षं वाफेचे पंप जमिनीतलं खारं पाणी उपसत राहिले आणि वरची घरं एकेक करून खाली जात राहिली, कुठे दार तिरपं, कुठे सबंध दुकान रात्रीतून छपरापर्यंत. तेच या पोरांनी वाजवलं होतं. पायाने वाजवायचा मोठा ड्रम म्हणजे पंप, एकसारखा, सात मात्रांचा. त्याच्यावर ऑर्गन, गिटार, पुन्हा ऑर्गन, काही सुरेख, काही उगाच. पंप चालूच. पाचव्या मिनिटाला ग्लेनिसला कंटाळा आला. आठव्या मिनिटाला तिला कळलं की आपला पाय त्याच्याबरोबर हलतोय. दहाव्यानंतर तो ऐकू येईनासा झाला, रस्त्यावरचा आवाज सवयीने ऐकू येईनासा होतो तसा.

आणि तेराव्या मिनिटाला तो थांबला.

ग्लेनिसने टेबलाची कड धरली. पायाखालची फरशी कुणी काढून घ्यावी तसं झालं होतं. दोन सेकंद काहीच नव्हतं. मग एक मुलगा हलक्या आवाजात गाऊ लागला. गाण्यातली बाई नवऱ्याला विचारत होती, टेबल मांडू का? कपबशा घसरतायत, पण तुझी यायची वेळ झाली, मांडू का? तीनेक मिनिटांचंच गाणं. त्यानंतर शेवटपर्यंत पाणी चढत गेल्यासारखा ऑर्गन.

टेप संपून रिकामी चकती फडफड फिरत राहिली. जेवणाची वेळ टळून गेली होती आणि डब्यातला सँडविच कडेने वाळला होता.

त्या संध्याकाळी तिने डेरेकला सांगायचा प्रयत्न केला. तो सॉसेजच्या बशीवर वाकून ऐकत होता.

"नाचता येतं का त्यावर?" त्याने विचारलं.

"छे."

"गुणगुणता?"

"एका जागी येतं."

"मग ती जागा द्या की. एवढं काय डोकं चालवायचं?"

बुधवारी बँडमधले दोघं आले. ऑर्गन वाजवणारा, गाणारा आणि सगळं रचणारा रॉडरिक पेल, तेवीस वर्षांचा, उंच, बोटं सतत कशावर तरी चालणारी. आणि ड्रम वाजवणारा लेन कडमोर, बुटका, रुंद, मिठाच्या कारखान्यातल्या फोरमनचा मुलगा. लेनने आत येताच चहाची किटली कुठे आहे ते पाहून घेतलं.

ग्लेनिसने वेगळ्या प्रतीवर कापलेला तुकडा लावला. टेबल मांडू का. तीन मिनिटं सात सेकंद. दोन सेकंदांची शांतता तिने काढून टाकली होती, कारण आधी पंप नसेल तर ती शांतता नुसती चूक वाटत होती, सुई उचलली गेल्यासारखी.

रॉडरिकची बोटं थांबली. "हे ते नाही," तो म्हणाला.

"नाही," ग्लेनिस म्हणाली.

"धडधड थांबते म्हणून ते गाणं आहे, मिसेस हॉबडे. त्याच्याशिवाय ते... ते शुभेच्छापत्रावरचं चित्र झालं."

"मला माहीत आहे. मी सबंध ऐकलंय."

"आणि तरी कापलंत?"

"गुरुवार उद्या आहे, बाळा."

तो चिडला. म्हणाला, लोकांना चमच्याने भरवत राहिलं की लोक चावायला विसरतात. म्हणाला, कुणी कादंबरीचं एकच पान फाडून विकतं का? ग्लेनिसने ऐकून घेतलं. ती दमलेली होती आणि अजून दोन डबे बाकी होते, म्हणून असेल, एरवी बोलली नसती ते बोलली.

"माझा नवरा पहाटे चारला उठून बस काढतो. बावीस मिनिटं म्हणजे त्याची जेवणाची सुट्टी. तुझं गाव खचेपर्यंत तो सुट्टीभर उपाशी बसणार का? लोक मूर्ख नाहीत रे. दमलेले आहेत. भांडी घासताना जे ऐकू येतं, तेवढंच त्यांच्या वाटणीला येतं."

"माझी आई ऐकते सगळं," लेन मध्येच म्हणाला. "तीसुद्धा दमतेच, बाई. बारा तास कपड्यांच्या कारखान्यात उभी असते. पण आजीचं घर गेलं ना तसं, म्हणून बसून ऐकते. बाबा मात्र ओरडतो, तेरा मिनिटं झाली, अजून कसं पडेना ते घर!"

रॉडरिकलाही हसू आलं. पण जाताना त्याने टेपच्या डब्यावर हात ठेवला तो जरा जास्तच वेळ ठेवला, आणि जिना चढून गेला.

'टेबल मांडू का' मेमध्ये बाजारात आलं. जूनमध्ये रेडिओवर तासातासाला लागू लागलं. कॅटफर्डचा दूधवाला ते शिट्टीवर वाजवत बाटल्या ठेवायचा. विक्रीच्या यादीत ते सोळाव्या क्रमांकापर्यंत चढलं, आणि मिस्टर स्टोबार्ट तळघरात केकचा खोका घेऊन उतरले, जे आजवर कधी झालं नव्हतं. डेरेक बसमधल्या वाहकाला सांगायचा, "हे माझ्या बायकोने केलंय." वाहक विचारायचा, "गाते?" डेरेक म्हणायचा, "नाही, कापते." आणि मग त्याला पुढचं समजावता यायचं नाही.

ऑक्टोबरात लेनने तिकीट पाठवलं. सोबत चिठ्ठी, 'या एकदा बघायला तुमचं बाळ कसं वागतंय.' लेस्टरमधल्या एका सभागृहात रविवारी संध्याकाळी कार्यक्रम होता. डेरेकची पाळी होती, म्हणून ग्लेनिस एकटीच आगगाडीने गेली.

सभागृह तुडुंब. पुढे जमिनीवर मांडी घालून जुनी मंडळी, लांब कोटवाली मुलं. मागे नवी गर्दी, जोडप्याजोडप्याने आलेली, नटूनथटून. बायकांच्या शौचालयाबाहेर रांग होती आणि दारावरचा माणूस दुसऱ्याला सांगत होता, टॅलो फेअरच्या कार्यक्रमाला अशी रांग मी जन्मात पहिल्यांदा बघतोय. ग्लेनिसच्या शेजारी केस कापायच्या दुकानात काम करणारी एक मुलगी होती, शोनाख नावाची, नव्या बुटांत चुळबुळणारी.

पंप सुरू झाला. पहिली तीन मिनिटं सगळे गप्प होते. मग मागे कुजबुज सुरू झाली, मग गप्पा, मग हसणं. पुढची मुलं मागे वळून "श्श!" करायला लागली तसे मागचे आणखी मोठ्याने बोलू लागले.

"कधी म्हणणार हो ते?" शोनाखने विचारलं.

"तेराव्या मिनिटाला," ग्लेनिस म्हणाली.

"अरे देवा! माणसाने तोवर करायचं काय?"

तेराव्या मिनिटाला पंप थांबला, पण ते कुणाला कळलं नाही. शांततेचे ते दोन सेकंद गप्पांनी भरलेले होते. रॉडरिकने पहिला शब्द उच्चारला आणि एकदम किंकाळ्या, टाळ्या, सगळं सभागृह त्याच्याबरोबर गाऊ लागलं. शोनाखच्या डोळ्यांत पाणी होतं, अगदी खरं पाणी. गाणं संपलं. मग माणसं उठायला लागली. कुणी कोट शोधत होतं, कुणी बिअर आणायला निघालं होतं. पाणी चढत जाण्याचा जो भाग होता, तो टॅलो फेअरने पाठींना ऐकवला.

मध्येच रॉडरिकने ऑर्गनवरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले. लेनने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तो एकटाच वाजवत राहिला, शेवटपर्यंत, ठरलेल्या मात्रांनी, जणू बाकी सगळे वाजवतायत.

"गाणं काय गोड आहे," शोनाख बाहेर पडताना म्हणाली. "पण आधी एवढं ताटकळत का ठेवतात? दिवसभर उभीच असते मी."

ग्लेनिसचेही पाय दुखत होते. पुढच्या रांगेतला एक चष्मेवाला मुलगा मित्राला तावातावाने सांगत होता की या लोकांनी सगळ्याची वाट लावली, पूर्वी कसे आपण दोनशेच जण असायचो. त्याच्या आवाजात दुःख होतं, पण त्याला ते दोनशेच हवे होते हेही कळत होतं. दोनशे एकावा आला की त्याची जागा अडवली जात होती. ग्लेनिसला तोही आवडला नाही.

मंचामागच्या खोलीत रॉडरिक खुर्ची उलटी करून बसला होता. तिला पाहून उठला नाही.

"पाहिलंत?"

"पाहिलं."

"आता दर रात्री असंच. कालच्या गावात एक जण ओरडला, आधीचं गाळा! मी पुढचं असं रचीन, मिसेस हॉबडे, की त्यातून तीन मिनिटं काय, तीन सेकंद निघणार नाहीत. तुमच्याकडे पाठवीन. कापून दाखवा."

"तुला राग माझा आलाय की त्यांचा?" ग्लेनिसने विचारलं.

"मला झोप आलीय," तो म्हणाला. एवढ्या दिवसांत तेच एक तिला मनापासून पटलं.

त्याने बोलल्याप्रमाणे केलं. पावणेदोन वर्षं लागली. १९७६च्या उन्हाळ्यात, लंडनमध्ये हिरवळी करपून पिवळ्या पडल्या होत्या तेव्हा, एक्केचाळीस मिनिटांची रचना दोन डब्यांतून तळघरात आली. ग्लेनिसने रिवाजाप्रमाणे मांडीवर हात ठेवून ऐकली. मग ब्लेड काढलं आणि तीन दिवस बसली.

त्यातून खरंच काही निघत नव्हतं. एक ओळ संपायच्या आत दुसरी सुरू झालेली असायची. गाणं शब्दाच्या मधूनच उठायचं. ताल बसतोय म्हणेपर्यंत बदलायचा. कुठे एखादी चाल गोड व्हायला लागली की तिच्यावर लगेच दुसरं काहीतरी येऊन बसायचं, कुणीतरी पहारा ठेवल्यासारखं. तिने बारा ठिकाणी खुणा केल्या आणि बाराही पुसल्या. कारागिरी अशी होती की तिला मनातल्या मनात टोपी काढावीशी वाटली. पण 'खचतं गाव' ऐकताना तिची जेवणाची वेळ टळली होती, आणि हे ऐकताना तिने तीनदा घड्याळ पाहिलं. हे कानासाठी रचलेलं नव्हतं. ब्लेडच्या विरुद्ध रचलेलं होतं, म्हणजे एका परीने तिच्या एकटीसाठी. एवढ्या मोठ्या कामाचा ऐकणारा म्हणून आपण एकटेच उरलो, हे तिला कसंतरी वाटलं.

"काहीच निघत नाही?" मिस्टर स्टोबार्ट जिन्यावरूनच म्हणाले. आता ते पूर्ण उतरतही नसत.

"काहीच नाही."

"मुद्दाम केलंय का पोराने?"

"मला नाही वाटत," ग्लेनिस म्हणाली. कंपनीत चौदा वर्षांत ती साहेबांशी पहिल्यांदा खोटं बोलली.

त्या आठवड्यात रॉडरिकने फोन केला. लांबच्या फोनची खरखर होती.

"जमलं नाही ना?"

"नाही जमलं."

"मग मी जिंकलो."

"हो."

मग त्याने विचारलं, "पण ऐकायला कसं वाटलं?"

बरं वाटलं, असं म्हणून फोन ठेवता आला असता. ती पुढे बरीच वर्षं विचार करायची की तसं का नाही म्हटलं.

"दमायला झालं, रॉडरिक," ती म्हणाली.

त्याने हं केलं. मग आईची तब्येत, नॉर्थविचचा उन्हाळा असं काहीतरी बोलून फोन ठेवला.

गाण्याचा तुकडा नाही म्हणून रेडिओवर काही लागलं नाही. रेडिओवर नाही म्हणून दुकानदारांनी मागवलं नाही. जुन्या दोनशेंनी, किंवा दोनशेचे वीस हजार झाले असतील तर तेवढ्यांनी, रेकॉर्ड घेतली, तिच्यावर लांबलचक पत्रं लिहिली, आणि त्यांचं त्यांच्यात भांडण झालं की आधीची बरी की ही. शोनाखसारख्या मुलींनी दुकानात विचारलं, टेबल मांडू का आहे का यात? नाही म्हटल्यावर दुसरं काहीतरी घेऊन त्या गेल्या. पुढच्या वर्षी फाटक्या कोटांची, तीन सुरांत गाणं उरकणारी पोरं आली. वर्तमानपत्रवाल्यांनी एका रात्रीत पंथ बदलला, आणि कालपर्यंत ज्याला धाडस म्हणत होते त्याला म्हाताऱ्यांचा फुगा म्हणू लागले. रॉडरिक तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. कंपनीने टॅलो फेअरला करार संपल्याचं दोन ओळींचं पत्र पाठवलं.

लेन खाणीत लागला. नॉर्थविचजवळच मिठाची खाण आहे, तिथे. नाताळला न चुकता कार्ड पाठवायचा. त्यात लिहायचा, 'खाली फार शांत असतं, बाई. तुम्हाला आवडेल.'

१९७९च्या हिवाळ्यात डेरेकची पाठ गेली. वीस वर्षं बसच्या सीटवर बसून मणके झिजले होते. डॉक्टरांनी दोन महिने फळीवर झोपवून ठेवलं. माणूस कधी सबंध दिवस घरी न राहिलेला, त्याला छताकडे बघून वेड लागायची पाळी आली. एका शनिवारी दुपारी ग्लेनिसने 'खचतं गाव' लावलं, सबंध बाजू, आणि ती विणकाम घेऊन शेजारी बसली.

"हेच ते का?" डेरेक म्हणाला.

"हेच. बोलू नकोस."

चौथ्या मिनिटाला तो घोरायला लागला. ग्लेनिसने रेकॉर्ड थांबवायला हात पुढे केला आणि मग राहू दिला. पंप चालू होता, डेरेकचं घोरणं चालू होतं, खिडकीवर शेजाऱ्याच्या कबुतरांची फडफड चालू होती. तेराव्या मिनिटाला पंप थांबला तसा डेरेक दचकून जागा झाला.

"काय झालं?" तो म्हणाला. त्याचा चेहरा घाबरलेला होता. "काय बंद पडलं?"

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. गाणं सुरू झालं. त्याने ते कितीतरी वेळा ऐकलं होतं, शिट्टीवर वाजवलं होतं. या वेळी तो छताकडे बघत पडून राहिला. पाणी चढेपर्यंत, बाजू संपेपर्यंत.

"घर गेलं त्यांचं," शेवटी म्हणाला. "मला आजवर वाटायचं, नवरा उशिरा येतो म्हणून बाई रागावलीय." मग म्हणाला, "आता चहा कर." ती रेकॉर्ड पुन्हा लावायला त्याने कधी सांगितलं नाही.

कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली तेव्हा तळघर बंद झालं आणि ग्लेनिस जाहिरातींच्या एका स्टुडिओत लागली. खाजगी रेडिओ आता गावोगावी झाले होते. तिथे तीन मिनिटं म्हणजे चैन. सगळं तीस सेकंदांत. सोफा, सॉसेज, गाडी चालवायची शाळा. ती दिवसाला चौदा-पंधरा कापायची. काम सोपं होतं आणि त्यामुळेच जास्त दमवायचं.

१९८३च्या एप्रिलमध्ये, दुपारी, काचेच्या दारातून एक माणूस आत आला. आखूड केस, करडा कोट, हातात टेपचा छोटा डबा. बोटं डब्यावर चालत होती, त्यावरून तिने ओळखलं.

"मिसेस हॉबडे," रॉडरिक म्हणाला. "ही जाहिरात तुमच्याकडे आहे हे मला खाली कळलं. आधी कळलं असतं तर कदाचित आलो नसतो."

"बस. कसली?"

"गालिच्यांची. क्रू गावातलं दुकान आहे. दुसऱ्यांदा परत आलंय. मालक म्हणतो, काहीतरी लंगडतंय."

तिने टेप लावली. गोड चाल, मुली हसत गात होत्या, आपल्या घरी नवा गालिचा. ग्लेनिसने टेबलावर बोटं मोजली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"सात मात्रा आहेत, रॉडरिक."

"हो."

"गालिच्याला?"

"रचताना माझ्या लक्षातच आलं नाही," तो म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. मग तिलाही. दोघं इतकी हसली की शेजारच्या खोलीतल्या मुलाने काचेवर टकटक केली. हसून झाल्यावर रॉडरिकने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"आठ करा," तो म्हणाला. "शेवटची मात्रा दोनदा घ्या."

तिने त्या मात्रेच्या पाच प्रती काढल्या, पाच ठिकाणी जोडल्या, आणि दोघांनी ऐकलं. लंगडणं गेलं होतं. आता ती कुणाचीही चाल झाली होती.

"तेहतीस सेकंद झाले," ग्लेनिस म्हणाली. "शेवटची ओळ जाईल."

"जाऊ द्या."

काम संपल्यावर तिने किटली ठेवली. तो नॉर्थविचलाच राहत होता, एका शाळेत आठवड्यातून तीन दिवस संगीत शिकवायचा, बाकीचे दिवस असं काहीबाही. लग्न झालं होतं, मुलगी चार वर्षांची. लेन शनिवारी येतो, म्हणाला, आम्ही दोघं गॅरेजमध्ये वाजवतो, बायका तक्रार करेपर्यंत.

"ते एक्केचाळीस मिनिटांचं," तो चहात साखर ढवळत म्हणाला, "त्याच्यावर अजून पत्रं येतात. वर्षाला चार-पाच. एक जपानमधला माणूस आहे, दंतवैद्य. त्याला त्यातला दर ताल पाठ आहे. मी विसरलो ते तो मला कळवतो."

"त्याला आवडतं?"

"फार. मला विचारतो, पुढचं कधी." रॉडरिकने चमचा बशीत ठेवला. "तुम्ही म्हणालात ना तेव्हा, दमायला झालं. मला आठ महिने राग होता. मग एकदा घरी सबंध लावून ऐकलं. बाराव्या मिनिटाला उठलो आणि बागेत गेलो."

"मला बोलायला नको होतं."

"खरं होतं ते."

"खरं होतं म्हणून काय झालं," ग्लेनिस म्हणाली. "तू विचारलंस तेव्हा आदल्या रात्रीपासून झोपलेला नव्हतास, ते आवाजावरून कळत होतं."

चहा संपला. त्याला पाच दहाची क्रूची गाडी गाठायची होती. उठताना त्याने विचारलं, मिस्टर हॉबडे कसे आहेत, आणि ती म्हणाली, आता डेपोत बसून काम करतो, जिने चढता येत नाहीत. दारापर्यंत जाऊन तो हात करून गेला. काचेतून तो रस्ता ओलांडताना दिसला, लोकांच्या गर्दीत एक करडा कोट, गाडी चुकू नये म्हणून अर्धवट धावणारा.

ग्लेनिसने कप विसळले. गालिच्याच्या डब्यावर 'तीस सेकंद, पक्कं' असं लिहून तो वरच्या फळीवर ठेवला आणि पुढचा डबा उघडला. सॉसेजचा होता, आणि तो अडतीस सेकंदांचा निघाला.